मधल्या चोराचं पोर

दिवेलागण झाली की आई आधी कंदिलाची काच पुसायची आणि मग आप्पांच्या पायांकडे बघायची. कंदील पुसणं मला कळायचं, पायांकडे बघणं कळत नव्हतं. लासुर्ण्याच्या पलीकडे, कालव्याच्या भरावाला लागून आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे शेणानं सारवलेलं अंगण, त्याच्या कडेला ओटा, ओट्याला टेकलेली आप्पांची सायकल, आणि अंगणाच्या तिन्ही बाजूंनी ऊस. कालव्याला पाणी असलं की घरात दिवसभर एक घुमल्यासारखा आवाज असायचा. पाणी बंद झालं की तो आवाज थांबायचा आणि पहिल्या दिवशी आम्हाला कुणालाच धड झोप लागायची नाही. लांबून कारखान्याचा भोंगा व्हायचा. हंगामात मळीचा आंबूस वास यायचा, पाहुण्यांना तो सोसायचा नाही, आणि आम्हाला मात्र तो आला की बरं वाटायचं. रस, गूळ, काकवी हे सगळं त्या वासाच्या मागोमाग घरात येई. थंडीत आई सकाळी हुलग्याचं माडगं करायची. ते पिताना आप्पा भुरके मारायचे, शंकर त्यांची नक्कल करायचा, आणि आई दोघांवरही डोळे वटारून शेवटी स्वतःच हसायची.

आप्पा पाटकरी होते. कालव्यातून चारीला आणि चारीतून शेताला पाणी सोडायचं, ज्याची पाळी असेल त्याच्यासाठी दार उघडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्यांचं काम. पाणी रात्री झोपत नाही, त्यामुळे पाटकऱ्यालाही रात्री झोपून चालत नाही. अंधार पडायच्या बेताला आप्पा निघायचे आणि त्यांच्या पुढे कंदील घेऊन आई निघायची. नवरा कामाला निघालाय आणि बायको पुढे चाललीय, हे आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. लोक चेष्टा करायचे. बांधावर बसलेला कुणीतरी हमखास म्हणायचा, "आप्पाराव, वैनी काय एकट्याला सोडत न्हाईत तुमास्नी!" आप्पा हसून म्हणायचे, "व्हय की, लई जीव हाय तिचा." आई पदर सावरून पुढेच चालत राहायची. आम्ही पोरं त्या चेष्टेत सामील होतो. मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की आईला आप्पांशिवाय करमत नाही.

आप्पांचे वडील, म्हणजे आमचा आज्जा, मेंढरं राखायचा. लहानपणी आप्पाही त्याच्याबरोबर नीरेच्या काठानं नरसिंहपुरापर्यंत मेंढरांमागून फिरले होते. त्या फिरण्यातलं आमच्या वाट्याला फार काही आलं नाही. एक घोंगडी, दोन-तीन ओव्या आणि आकाशातलं एक खाटलं. शाळेत गुरुजींनी ज्याला सप्तर्षी म्हणून फळ्यावर काढलं, ते आमच्या घरात म्हातारीचं खाटलं होतं. चार तारे म्हणजे खाटल्याचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे ते खाटलं पळवायला आलेले तीन चोर. त्यातल्या मधल्या चोराच्या अगदी जवळ एक बारीक, नजर ठरवल्याशिवाय न दिसणारा ठिपका असतो. आप्पा सांगायचे, "मधल्या चोराला घरी पोर सांभाळायला कुणी न्हवतं. त्यानं ते संगट घेतलं, खांद्यावर." गुरुजी म्हणाले, तो मधला तारा वसिष्ठ आणि ती बारीक तारका म्हणजे अरुंधती, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत हे सांगितलं. आप्पा विचारात पडले आणि म्हणाले, "असंल. पण खाटलं चोरायला बायकू कशाला न्हेईल कुणी?"

हे पोर त्यांनीच मला पहिल्यांदा दाखवलं. उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो. त्यांनी माझी हनुवटी धरून मान वर केली होती, त्यांच्या हाताला तंबाखूचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास होता, आणि ते म्हणत होते, "आधी मोठ्याकडं बघ, मग जरा बाजूला. गावलं?" मला ते लगेच दिसलं. पुढे दोन-तीन उन्हाळ्यांनी असेच झोपलेलो असताना त्यांनी मला विचारलं, "सुमे, पोर हाय का गं जागेवर?" मी म्हटलं, आहे की. "बरं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. मला वाटलं, ते गंमत करतायत. आईनं मात्र शेजारच्या वाकळेवरून मान उचलली होती. अंधारातही मला तिचा चेहरा दिसला, आणि तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं मला सांगितलं. आप्पांना दिवस मावळला की दिसत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला कळलं, तेव्हा थोडं होतं, आता वाढलंय. आज्जालाही शेवटी शेवटी तसंच झालं होतं, लोकांनी त्याला वय झालं म्हटलं. "कुटं बोलू नगंस," आई म्हणाली. "रातीचं दिसत न्हाय म्हटल्यावर पाटकरी म्हनून कोन ठिवंल त्यास्नी?" तव्यावरची भाकरी करपली. ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

तेव्हापासून आईची तपासणी सुरू झाली. आकाश मोकळं असलं की महिन्या-दोन महिन्यांनी ती आम्हा दोघांना अंगणात उभं करायची. आधी मी, मग माझ्याहून वर्षानंच लहान शंकर. "दिसतंय का पोर?" "व्हय." "कुठं?" मी सांगायची, शंकर सांगायचा, दोघांचं जुळलं की ती आत निघून जायची. त्याच्या जोडीला खाणं होतं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कलेजीनं डोळे सुधारतात. रविवारी ती शेळीची कलेजी आणायला लावायची, मीठ-मिरपूड टाकून तव्यावर परतायची आणि आम्ही गिळेपर्यंत समोर बसायची. शेवग्याचा पाला, गाजरं, दुधावरची साय, जे काही डोळ्यांचं म्हणून कानावर येईल ते आमच्या ताटात पडायचं. आप्पांच्या ताटातही पडायचं. आजही बारामतीच्या मंडईत गाजरांचे ढीग पाहिले की माझ्या जिभेवर आधी कलेजीची चव येते. आमच्या घरातली ही भीती कुणी शब्दांत बोलत नव्हतं, ती अशी जेवणातून वाढली जायची.

शंकरचं शाळेत लक्ष नव्हतं. त्याचा सगळा जीव शेजारच्या मळ्यातल्या लाल ट्रॅक्टरवर. मळ्याचे मालक, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, त्याला दिवसा नांगरट करताना शेजारी बसू द्यायचे. मग स्टिअरिंग धरू द्यायला लागले. तो घरी येऊन ताटावर बसला तरी त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबत असायचा. दहावी झाली की तात्यांच्या ट्रॅक्टरवर बसायचं, हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्यावर न्यायच्या, हे त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि तात्यांनाही ते मान्य होतं. आप्पांनी त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

शंकरची दहावी झाली त्या वर्षी गणपतीत दोन दिवस पावसाची भुरभुर होती आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकाएकी आभाळ उघडलं. मी आत आरतीची ताटं घासत होते. आई ओट्यावर होती, शंकर नुकताच मळ्यातून आला होता. पावसाळ्यात बरेच दिवस तपासणी झाली नव्हती, म्हणून आईनं त्याला तिथंच धरलं. मी हात पुसत दारात आले तेव्हा मला त्याचं उत्तर ऐकू आलं. तो वायव्येकडे, उसाच्या शेंड्यांवर उतरलेल्या खाटल्याकडे तोंड करून उभा होता आणि सरळ बोट दाखवून म्हणत होता, "ते काय, मधल्याच्या उजव्या अंगाला, जरा खाली." "बरं," आई म्हणाली आणि आत गेली.

मी वर पाहिलं. पोर मधल्या चोराच्या उजव्या अंगाला नव्हतं. ते त्याच्या जवळजवळ सरळ वर होतं.

आकाश फिरतं, तसं खाटलंही फिरतं. होळीच्या सुमाराला ते संध्याकाळी ईशान्येला उगवत असतं, तेव्हा पोर चोराच्या खाली लोंबकळल्यासारखं दिसतं. मेअखेरीस खाटलं उत्तरेला उंच उलटं होतं, तेव्हा ते उजवीकडे असतं. आणि गणपतीत, मावळतीला, वर. ज्याला दिसतं त्याला हे लक्षात ठेवावं लागत नाही. शंकरनं मे महिन्यातलं माझं उत्तर पाठ केलं होतं. दर वेळी आधी मी बोलायची, मग तो. त्या दिवशी मी आत होते.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना मी त्याला भरावावर घेऊन गेले. कालव्याला पाणी होतं. आम्ही पाण्याकडे पाय सोडून बसलो. मग मी म्हटलं, "शंकऱ्या, काल तू बोट दाखवलंस तितं काय न्हवतं."

तो पाण्यात ढेकळं टाकत होता. एक टाकलं, दुसरं टाकलं. मग म्हणाला, "मला ते कधीच दिसलं न्हाय."

"कधीच?"

"मोठं दिसायचं पैल्यांदा, सातीच्या साती. आता त्यातलंबी एखादं जातंय." तो माझ्याकडे वळला नाही. "तू आईला सांगशील?"

"ट्रॅक्टरचं काय? हंगामात अंधारात ट्रॉल्या घेऊन जाशील तू? रस्त्यानं माणसं असत्यात, बैलगाड्या असत्यात."

"लाइट असत्यात की ट्रॅक्टरला," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चिरकला. "आक्के, आप्पास्नी नगं सांगू. त्यास्नी वाटंल त्यांनीच दिलं मला हे. ते जेवायचं सोडतील."

त्याला रडताना मी फार वर्षांनी पाहत होते. परत निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. मी त्याचा हात धरला, त्यानं धरू दिला. भरावावरून उतरताना त्याचा पाय आधी कड चाचपायचा आणि मग टेकायचा. सर्र, मग थप्प. सर्र, मग थप्प. हे मी रोज ऐकत होते, पण आप्पांचं म्हणून.

पुढचे काही आठवडे मी कुणाला काही बोलले नाही आणि शंकरही बोलला नाही. दसरा झाला. कारखान्याचा बॉयलर पेटल्याची बातमी आली, तोडणीच्या टोळ्या यायला लागल्या, तात्यांनी ट्रॅक्टर धुऊन त्याला झेंडूची माळ घातली. मी मनाशी ठरवलं होतं की शंकर पहिली खेप न्यायला निघाला की मी ट्रॅक्टरपुढे उभी राहीन, मग काय व्हायचं ते होऊ दे. तशी वेळ आली नाही. एका संध्याकाळी, कालव्याला पाणी नव्हतं तेव्हा, आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी होती. शंकर उशिरा, अंधार पडल्यावर अंगणातून आला आणि हातपाय धुऊन ताटावर बसला. आप्पांनी घास खाली ठेवला.

"शंकर, तू ट्रॅक्टरवर बसायचं न्हाय."

"का?"

"तुला ठावं हाय."

आई पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच बसली. आप्पा शांतपणे म्हणाले, "दोन वर्सं ऐकतोय मी. अंगणात शिरताना तुझा पाय कड धुंडतोय. माझाबी तसाच वाजतो. मला डोळ्यानं कळत न्हाय पोरा, पर कान शाबूत हायती."

आईच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी चुलीपर्यंत गेलं. "दिसतंय की त्याला!" ती म्हणाली. "मी दर खेपंला इचारते. परवा गणपतीत सांगितलं त्यानं, बोट दावून सांगितलं!" आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. तिला कळलं.

शंकर म्हणाला, "आप्पा, मी कुणाला दिसू देनार न्हाय. तुमी न्हाय का एवढी वर्सं काढली? कुणाला कळलं?"

हे ऐकल्यावर आप्पांचा चेहरा जसा झाला तसा मी त्यानंतर कधीच पाहिला नाही, ते वारले तेव्हाही नाही. ते बराच वेळ ताटातल्या भाकरीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे लपवायचं तू माझ्याकडनं शिकलास. डोळं दिलं ते माझ्या हातात न्हवतं. हे हाय. उद्या मी पाटबंधाऱ्याच्या सायबाकडं जाऊन सांगतो."

"नोकरी जाईल," आई म्हणाली.

"गेली तर गेली. पर ह्यानं जलमभर तुझ्यासारखं एखादं मानूस फुडं घालून कंदील धरायला लावावं, आनि लोकांच्या चेष्टा ऐकाव्या? तू सोसलंस. त्याची बायकू कशाला सोसंल?"

त्या रात्री ताटं अर्धवट राहिली. सकाळी आईनं आप्पांचा धुवट सदरा काढून दिला. शंकर म्हणाला, मी येतो. दोघे भरावावरून सायकल हातात धरून चालत गेले, दिवसाउजेडी, आणि आई दाराच्या चौकटीला धरून ते दिसेनासे होईपर्यंत उभी राहिली. चूल पेटवायचं तिला भान नव्हतं, चहा मी केला. दुपार झाली, उन्हं कलली. आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले, मग निवडलेलेच पुन्हा निवडले. शेवटी भरावावर सायकलची घंटी वाजली. शंकर वाजवत होता, विनाकारण, सारखी.

साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. आप्पांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की इतकी वर्षं रात्रीची पाळी कशी काढली. आप्पा म्हणाले, "बायकू कंदील धरायची." साहेब म्हणाले, "मग पगार त्यांनापण द्यायला पाहिजे होता." आप्पांना दिवसाचं काम मिळालं, मोठ्या दारापाशी बसून पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवायचं. रात्रीचा भत्ता गेला, आणि गावात काही दिवस चर्चा झाली. बांधावरचे चेष्टेखोर गप्प झाले. त्यातला एक जण आईला पाहून उठून उभा राहिला, तेव्हा आई इतकी गांगरली की वाट सोडून उसातून घरी आली.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, चौघेही. अंधाऱ्या खोलीत एकेकाला बसवून डोळ्यांत औषध घालून तपासलं. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार, घराण्यातून येतो, काही मुलांना येतो, काहींना येत नाही. कडेकडून नजर कमी होत जाते, सावकाश. औषध नाही. "कलेजी?" आईनं विचारलं. बाई म्हणाल्या, "खाऊ दे की, चांगलीच असते. पण त्यानं हे थांबायचं नाही." माझे डोळे शेवटी तपासले. बाहेर आले तर बाकावर शंकर बसला होता, औषधामुळे त्याला काहीच नीट दिसत नव्हतं. पावलांवरून ओळखून तो म्हणाला, "आक्के, तुझं बरं हाय ना?" मी म्हटलं, बरं आहे. "सुटलो," तो म्हणाला. मला त्याच्या शेजारी बसवेना. मी दवाखान्याच्या मागच्या नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

ट्रॅक्टर सुटला. पहिलं वर्षभर शंकर कुणाशी धड बोलायचा नाही. मग हळूहळू अभ्यासाला बसायला लागला. मी मोठ्यानं वाचायची आणि तो ऐकून लक्षात ठेवायचा. पाठांतर त्याचं पक्कं होतंच, आमच्या आईला फसवण्याइतकं. तो पुढे वकील झाला, इंदापूरच्या कोर्टात त्यानं उभं आयुष्य वकिली केली. आता त्याला अजिबात दिसत नाही. अजूनही साक्षीदार कुठं अडखळला हे समोरच्या वकिलाआधी त्याला कळतं, असं त्याचे पक्षकार सांगतात.

मी बारामतीला कॉलेजात गेले. तिथं भौतिकशास्त्राच्या आमच्या बाईंनी काचेचा लोलक धरून उन्हाची तिरीप भिंतीवर पसरवून दाखवली आणि सांगितलं की ताऱ्यांचा उजेडही असाच पसरवता येतो, त्यात बारीक काळ्या रेघा असतात, आणि त्या रेघांवरून तारा किती तापलेला आहे, कशाचा बनलेला आहे, किती वेगानं फिरतोय हे इथं बसून कळतं. तास संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि अरुंधतीचं विचारलं. त्यांना हसू आलं, माझं लग्नबिग्न ठरलंय असं त्यांना वाटलं असावं. पण त्यांनी ग्रंथालयातून एक जाड पुस्तक काढून दिलं. मी ते खिडकीपाशी बसून वाचलं. आकड्यांचा तो एवढासा मजकूर मी वहीत उतरवून घेतला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आले. जेवणं लवकर आटोपली होती, आप्पा आणि शंकर अंगणात बाजेवर बसले होते, आई आत भांडी आवरत होती. खाटलं उत्तरेला उंच आलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, त्या पोराचं मला सगळं कळलंय."

"कंच्या पोराचं?" ते दचकले.

"मधल्या चोराच्या."

ते हसले. मग म्हणाले, "सांग की. आता तर मला चोरबी दिसत न्हाईत."

मी सांगायला लागले. ते पोर नाही, चांगला बाप्या गडी आहे. आपल्या सूर्याहून जास्त तापलेला, म्हणून पांढराशुभ्र. आकारानं सूर्याच्या दुपटीला थोडा कमी, उजेडाला दहा-बारा पटींहून जास्त. आप्पांनी विचारलं, "आनि वजन?" मी म्हटलं, सूर्याच्या दुपटीच्या आसपास. "ते कसं तोलत्यात?" तिथं माझी थोडी तारांबळ झाली. मी सांगितलं की काही तारे जोडीनं एकमेकांभोवती फिरतात, त्यांच्या फिरण्यावरून त्यांचं वजन काढता येतं, आणि मग तशाच उजेडाच्या, तशाच तापलेल्या दुसऱ्या ताऱ्याचा अंदाज बांधता येतो. "म्हंजी बैलाच्या चालीवरनं गाडीत किती माल हाय ते वळखायचं," आप्पा म्हणाले. मी म्हटलं, व्हय, साधारण तसंच. आजपर्यंत मी पुष्कळ विद्यार्थ्यांना हे शिकवलं. त्यातल्या कुणालाही एवढ्या लवकर पटलेलं मला आठवत नाही. अलीकडे तर त्या ताऱ्यालाही एक जोडीदार सापडला, लालसर आणि फारच मंद, मोठ्या दुर्बिणीशिवाय न दिसणारा. ते वाचलं तेव्हा सांगायला आप्पा नव्हते.

शंकर विचारत होता, तो फिरतो का? मी म्हटलं, भिंगरीसारखा. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला जवळजवळ महिना लागतो, हा दिवसाच्या आत घेतो. त्यामुळे मधोमध फुगलाय. हे कसं कळलं? मी म्हटलं, रेघांवरून. जोरात फिरतो त्याच्या रेघा फिसकटलेल्या दिसतात. तो म्हणाला, "आनि लांब किती?" मी सांगितलं की आत्ता जो उजेड पोचतोय तो निघाला तेव्हा आज्जा तान्हा असेल नाहीतर जन्मलाही नसेल. आप्पांनी मान वर केली. त्यांना काही दिसत नव्हतं, पण त्यांनी ती बराच वेळ तशीच ठेवली.

"आक्के," शंकर म्हणाला, "सूर्य उचलून तितं न्हेऊन ठिवला तर?"

हा प्रश्न मीच बाईंना विचारला होता. "तर तो दिसणार न्हाय."

"मला?"

"कुणालाच. मलाबी न्हाय. नुसत्या डोळ्यांनी जगात कुणालाच न्हाय."

शंकर हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. "एवढा मोठा सूर्य!" तो म्हणत होता. "आप्पा, ऐकलं का? सूर्यबी दिसत न्हाय तितनं!" आप्पाही हसले. ट्रॅक्टर सुटल्यापासून तो असा हसलेला मी ऐकला नव्हता.

हसणं ऐकून आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि ओट्यावर टेकली. थोडा वेळ तिनं आमचं ऐकलं. मग मला म्हणाली, "सुमे, मला दाव गं ते कुठंय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "तुला ठावं न्हाय?"

"मी कवा बघितलंय?" आई म्हणाली. "मी तुमच्या तोंडाकडं बघायची."

आप्पा बाजेवर सावरून बसले. मी आईजवळ गेले, तिची हनुवटी धरली, मान वर केली. तिच्या हाताला राखेचा वास येत होता. खाटलं दाखवलं, चोर दाखवले, मधला दाखवला, आणि म्हटलं, आता त्याच्या उजव्या अंगाला बघ, जरा खाली. ती डोळे बारीक करून बघत राहिली. कालव्याचा आवाज येत होता.

"गावलं का?" आप्पांनी विचारलं. "कसं दिसतंय? सांग की आमास्नी."

"थांबा," आई वरच बघत म्हणाली. "मला आधी बघू तर द्या."